रश्श्याची घनता

ही गोष्ट मी बरोबर सांगेन याची मला खात्री नाही. सूनबाईला आहे, तिच्या मते मी ती चुकीचीच सांगणार. त्या दिवशी पाहुणे सहा होते की सात, इथूनच आमचा वाद सुरू होतो. मला सहा आठवतात. पण सहाच असतील, तर शेजारच्या कप्तानांकडून सातवी खुर्ची कशाला आणली होती? (यावर मी दोन दिवस विचार केला. सातवी खुर्ची माझ्यासाठी होती.) तारीख मात्र पक्की आठवते. सत्तावीस. ती का आठवते ते पुढे येईलच, आणि आलं की तुम्ही हसाल. खुशाल हसा. मी आता चौऱ्याऐंशीचा आहे, आणि सवय व्हायला एवढी वर्षं पुरतात.

आमचं घर बेटावर आहे. म्हणजे मुलाचं. तो बोटीवर इंजिन सांभाळतो, आणि मी निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं त्याच्याकडे राहायला आलो. बोट साडेअकराला येते आणि चारला परत जाते. मधल्या वेळात प्रवासी बेट बघतात, आणि तासाभरात बघून संपलं की त्यांना भूक लागते. म्हणून पर्यटन कचेरीनं धक्क्यावर एक फळा लावला होता: 'घरगुती जेवण मिळेल'. खाली पाच घरांची नावं. चौथं नाव हिचं.

हिचं म्हणजे माझ्या बायकोचं. चाळीस वर्षं आमच्या दारावर पाटी होती ती माझी. नावाच्या आधी डॉक्टर, नावानंतर तीन पदव्या. सुतार म्हणाला होता, साहेब, एखादी पदवी कमी करता आली तर बघा, फळी पुरत नाही. त्या पाटीच्या मागे ही स्वयंपाक करायची. माझ्या विद्यार्थ्यांसाठी, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसाठी, माझ्या विभागप्रमुखांसाठी (जे पोटभर जेवून जायचे आणि सोमवारी माझी बढती अडवायचे). बेटावरच्या फळ्यावर खडूनं, तेही जरा वाकड्या अक्षरात, हिचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं, त्या संध्याकाळी ती 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणून धक्क्याकडे गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. आठवडाभर तिचे पाय रोज मोकळे होत होते.

आता स्वयंपाकाची पद्धत सांगतो, कारण सगळं रामायण त्यातून घडलं. ही स्वतः कधी चव घेत नाही. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, की चुलीपाशी उभ्या असलेल्या जिभेला खरं कळत नाही. वाफेनं आणि वासानं ती आधीच अर्धी जेवलेली असते. चव बाहेरच्या माणसानं सांगायची. लग्न झाल्यापासून तो बाहेरचा माणूस मी. चमचा पुढे यायचा, पाठोपाठ प्रश्न यायचा, 'मीठ?' आणि मी सांगायचो. घरात माझ्याकडे असलेलं हे एकमेव जबाबदारीचं काम. शिवाय माझा प्रबंधच क्षारांच्या द्रावणांवर होता. चारशे बारा पानं. म्हणजे मिठातला डॉक्टर घरात असताना हिनं दुसरीकडे का जावं?

आणि नेमकी माझी चव गेली.

सर्दीचं निमित्त झालं. सर्दी आठ दिवसांत गेली, जाताना जीभ घेऊन गेली. साखर, मीठ, तिखट, सगळं सारखं. कोमट पुठ्ठा चघळल्यासारखं. पहिल्या दिवशी चमचा पुढे आला, हिनं विचारलं, "मीठ?" आणि मी सवयीनं म्हणालो, "ठीक आहे." तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण म्हटलं, दोन दिवसांत येईल चव परत, उगाच कशाला बोभाटा. (आयुष्यात मी जे जे गोत्यात आलो, ते 'उगाच कशाला' या दोन शब्दांमुळे.)

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. रोज 'ठीक आहे' म्हटलं तर संशय येणार. तेव्हा मी शास्त्राकडे वळलो. माझ्या अंदाजानं चाळीस वर्षांत दहातल्या आठ वेळा मी 'ठीक' म्हटलं असेल, एकदा 'किंचित कमी' आणि एकदा 'किंचित जास्त'. मग तेच प्रमाण राखायचं. तारखेच्या शेवटी सात आला, की 'किंचित कमी'. तीन आला, की 'किंचित जास्त'. बाकीच्या दिवशी 'ठीक'. आणि काय सांगू, पद्धत चालली! पाहुणे बोटं चाटत जेवत होते, एकाचीही तक्रार नाही. मी तर यावर एक छोटा लेख लिहिण्याच्या विचारात होतो.

अशात पर्यटन कचेरीचं पत्र आलं. फळ्यावरच्या पाचही घरांची तपासणी होणार. येत्या पंधरवड्यात कोणत्याही दिवशी एक तपासनीस साध्या प्रवाशासारखा येऊन जेवून जाईल. ओळख देणार नाही. जे घर कसोटीला उतरेल त्याला तीन वर्षांची मान्यता, जे उतरणार नाही त्याचं नाव फळ्यावरून पुसलं जाईल.

हिनं पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि डब्याखाली ठेवलं. "बघू," एवढंच म्हणाली. पण त्या दिवसापासून तिनं धक्क्यावर जाणं बंद केलं. पुसलं जाऊ शकणारं नाव रोज बघवत नसावं.

पंधरवड्याच्या तेराव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, बोटीवरून मुलाचा फोन आला.

"बाबा, आईला द्या."

"ती कामात आहे. मला सांग."

तो जरा थांबला. (माझ्या मुलाचं थांबणं मला लहानपणापासून कळतं.) "बरं, नीट ऐका. विसरू नका. आपल्याकडे सहा जण येतायत. त्यात एक बाई आहे, निळी ओढणी. बसल्यापासून वहीत लिहितेय. बोटीची खुर्ची कशी आहे तेसुद्धा बघून लिहिलं. मला वाटतं तीच. आईला सांगा."

मी स्वयंपाकघरात धावलो. मी धावलो म्हणजे लवकर चाललो. "अगं, आजच! निळी ओढणी! वही!"

हिचा हात एक क्षण थांबला. मग तिनं पदर खोचला. "सूनबाई, पानं सहा. आणि खोलीतली ती डगमगती खुर्ची काढ, कप्तानांकडून दोन मागून आण."

पहाटे चारपासून ती मोठ्या पातेल्यातल्या माशाच्या रश्श्यामागे होती. सगळं जेवण त्या रश्श्याभोवती रचलेलं. भात त्याच्यासाठी, भाजी त्याच्या जोडीला. फळ्यापाशी उभं राहून प्रवासी कप्तानांना विचारायचे, ते रश्श्याचं घर कोणतं? आज तो रस्सा तिची सगळी बाजू मांडणार होता.

बाराला चमचा पुढे आला. "मीठ?"

मी चमचा तोंडात घेतला. कोमट पुठ्ठा. समोर भिंतीवर कॅलेंडर. सत्तावीस. म्हणजे पद्धतीप्रमाणे 'किंचित कमी'. मी तोंड उघडलं, तेवढ्यात विचार आला. समजा मीठ बरोबर असलं, आणि मी कमी म्हणालो, आणि हिनं घातलं? आठ वर्षं संख्याशास्त्राचा एक पेपर शिकवलेला माणूस मी. मला माहीत होतं, की सरासरीवर सरासरी माणसं जगतात, एका पातेल्याचं काय होईल हे सरासरी सांगत नाही.

"जरा निवू दे," मी म्हणालो. "गरम असताना अंदाज येत नाही."

"चाळीस वर्षं गरमच चाखताय ना?"

"आज परीक्षा आहे."

हिनं माझ्याकडे पाहिलं. का कोण जाणे, काहीशा दयेनं. "बरं. पाहुणे अंगणात आलेत, त्यांना पाणी देऊन येते. आल्यावर सांगा."

मला तीन मिनिटं मिळाली. आणि तेव्हा मला हायड्रोमीटर आठवला.

हायड्रोमीटर म्हणजे काचेची बंद नळी, खाली फुगा, फुग्यात शिशाच्या गोळ्या, वर बारीक आकडे. द्रावणात सोडली की उभी तरंगते. मीठ जास्त, तर नळी जास्त वर. दुधातलं पाणी पकडायला वापरतात त्याचीच ही शिकलेली बहीण. या नळीच्याच जोरावर मी प्रबंध केला होता, म्हणून निवृत्तीच्या दिवशी महाविद्यालयानं तीच जुनी नळी मखमली पेटीत घालून मला भेट दिली. पेटी मी तेव्हापासून उघडली नव्हती. (भाषणं ऐकून मन भरून आलं होतं, नंतर किल्ली हरवली, नंतर कळलं की पेटीला किल्ली नव्हतीच, नुसती आकडी होती.)

कपाटातून पेटी काढली, नळी धुतली, पातेल्यात सोडली. चष्मा कपाळावर होता तो खाली आणायचं राहिलं. नळी तरंगली. तिरकी तरंगली, कारण एका बाजूनं तिला माशाचा तुकडा टेकला होता. मी वाकून आकडा वाचला. त्या आकड्याप्रमाणे रस्सा समुद्राच्या तिप्पट खारट होता.

मग आठवलं, की तेल, वाटण आणि मासे असलेल्या पदार्थात हे उपकरण चालत नाही. फक्त स्वच्छ द्रावणात वापरावं असं माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे. (पहिलं पान मी सर्वांत शेवटी, घाईत लिहिलं होतं.)

"हात धुवायला पाणी कुठे आहे?"

मी दचकलो. हात हलला, नळी पातेल्याच्या काठावर गेली, डाव हलला, आणि टिंग असा आवाज झाला.

दारात डोक्यावर हॅट घातलेला एक बुटका गृहस्थ उभा होता. पाहुण्यांपैकी एक. तो माझ्याकडे बघत होता, मी नळीकडे.

"मागच्या दारी," मी म्हणालो. "नळ आहे. तिथे."

तो हलेना. "काय मोजताय?"

आता याला काय सांगणार? मीठ म्हटलं असतं, तर बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं, की या घरात मिठाचा भरवसा नाही. माझ्या तोंडून निघालं, "ताप."

"कुणाचा?"

"रश्श्याचा."

त्यानं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आहे का?"

"थोडा आहे."

"मग विश्रांती घेऊ द्या त्याला," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मी चष्मा खाली ओढला आणि नळी बाहेर काढली. नळीच्या वरच्या टोकाला काचेची मण्याएवढी गाठ असते. ती नव्हती. तिथे नुसती उघडी, धारदार कड.

आता नीट विचार करायचा, असं मी स्वतःला बजावलं. (असं बजावलं की माझा विचार तिथेच थांबतो.) गाठ आत्ता तुटली? की आधीपासूनच नव्हती? टिंग आवाज नळीचा होता, की डावाचा? पेटीत पाहिलं: तुकडा नाही. ओट्यावर हात फिरवला: नाही. गुडघ्यांवर बसून फरशी पाहिली: एक मिरी सापडली, काच नाही. म्हणजे एक तर गाठ वर्षानुवर्षं नव्हती, नाही तर ती पातेल्यात होती. चाळीस वर्षं ज्या नळीनं मी द्रावणं मोजली, तिचं टोक शाबूत होतं की नव्हतं, हे मला आठवेना. हिच्या चेहऱ्यावरचा तीळ कोणत्या गालावर आहे असं कुणी अचानक विचारलं, तर जसं होईल, तसं झालं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी गप्प राहण्याचा विचार केला. पुरतं अर्धं मिनिट केला. तुकडा नसण्याची शक्यता निम्मी तरी होती. असला तरी तो एकाच वाटीत जाणार. बाहेर सहा माणसं, वही, निळी ओढणी. आणि धक्क्यावर वाकड्या अक्षरातलं ते नाव. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी घशात जाणारी मण्याएवढी काच. अर्ध्या मिनिटात माणूस स्वतःला किती ओळखतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि ओळख काही फार चांगली नव्हती.

ही आत आली. "हं, मीठ?"

"काच," मी म्हणालो.

"मीठ विचारलं मी."

"काच आहे. असेल. म्हणजे, नसेलही."

हिनं माझ्या हातातली नळी पाहिली. पातेल्याकडे पाहिलं. "हे यात घातलंत?"

"मीठ मोजायला."

"जिभेला काय झालं?"

मग मी सगळं सांगितलं. दीड महिन्यापासून चव नाही हे सांगितलं. तारखांचं सांगणार होतो, एवढ्यात तीच म्हणाली, "ते माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"सात आला की कमी, तीन आला की जास्त. मी काय कॅलेंडर बघत नाही? दुसऱ्याच आठवड्यात कळलं."

"मग रोज मीठ कोण चाखत होतं?"

"मी," मागून सूनबाईचा आवाज. तिच्या हातात पाण्याचं भांडं होतं. "मागच्या दारी, बाबा. तुम्ही पेपर वाचायला गेलात की."

"मग मला का विचारत होतीस?"

"विचारलं नसतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं," ही म्हणाली. आणि पुढच्याच श्वासात, "आता हे सांगा. टोक आधीपासून नव्हतं, की आत्ता गेलं?"

"आठवत नाही."

"नीट आठवा."

"नीटच आठवतोय. आठवत नाही."

"अहो, अख्खं आयुष्य ते घेऊन बसला होतात ना?"

"त्याच्या आकड्यांकडे बघायचो मी."

सूनबाई हळूच म्हणाली, "आई, गाळून घेऊ या का? बारीक फडक्यातून? आतले मासे काढून…"

ही पातेल्याकडे बघत उभी होती. वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, वास काय सुटलाय बघा. मला वाटतं ती फार वेळ उभी नव्हती. पण मला ते चारशे बारा पानांपेक्षा लांब वाटलं.

"त्या पाहुण्यांत एक सात-आठ वर्षांची मुलगी आहे," ती म्हणाली. "सूनबाई, पलीकडची बाजू धर."

दोघींनी पातेलं उचललं, मागच्या दारी नेलं, परसातल्या खड्ड्यात उपडं केलं आणि वर माती लोटली. पहाटे चारपासूनचं काम. मी दार धरून उभा होतो. (दार उघडंच होतं. पण काहीतरी धरायला हवं होतं.)

परत आल्यावर हिनं हात धुतले. "घरच्यांसाठी केलेली डाळ आहे. भात आहे, भाजी आहे. तेच वाढायचं. सूनबाई, डाळीत पाणी घालून उकळी आण, सहांना पुरायला हवी. आपण नंतर बघू." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कशाला हात लावू नका."

"मीठ?" सूनबाईनं विचारलं. डाळ वाढवली होती, तिचं मीठ बिघडलेलं. आणि सूनबाईचे दोन्ही हात पापड तळण्यात अडकलेले.

तेव्हा मी एक दृश्य पाहिलं, जे संसारात कधी पाहिलं नव्हतं. हिनं चमचा घेतला, डाळीत बुडवला, फुंकर घातली आणि स्वतःच्या तोंडात घातला. डोळे मिटले.

"किंचित कमी आहे," ती म्हणाली.

मी कॅलेंडरकडे पाहिलं. सत्तावीस. पण ती वेळ बोलण्याची नव्हती, एवढं मलाही कळलं.

ही स्वतः बाहेर गेली आणि टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. मी दाराआडून ऐकत होतो. "रस्सा टाकून दिलाय," ती म्हणाली. "त्यात काच पडली असावी अशी शंका आली. खात्री नाही, पण शंका आहे. आता घरात आमच्यासाठी होतं ते वाढते. डाळ, भात, भाजी. ज्यांना चालणार नाही त्यांनी संकोच करू नका, धक्क्यापाशी आणखी चार घरं आहेत, अजून वेळ आहे."

निळी ओढणी वहीत भराभर लिहू लागली. प्रत्येक अक्षरासरशी मला फळ्यावर ओलं फडकं फिरताना दिसत होतं.

हॅटवाला गृहस्थ म्हणाला, "म्हणजे ताप उतरला नाही शेवटी."

त्या लहान मुलीनं विचारलं, "डाळ पिवळी आहे का?" पिवळी होती. ती म्हणाली, मग चालेल. बाकीचे बसून राहिले.

जेवण सुरू झालं. मी सातव्या खुर्चीवर, निळ्या ओढणीच्या शेजारी. काहीतरी सावरावं म्हणून मी तिला म्हणालो, "आमच्याकडे नेहमी असं होत नाही."

"अच्छा," ती म्हणाली आणि लिहिलं.

"म्हणजे काच कधीच पडत नाही."

तिनं तेही लिहिलं.

"आणि पडली तरी ती माझी असते. यांची नव्हे." मी हिच्याकडे बोट दाखवलं. "स्वयंपाक यांचा, काच माझी. हे वेगळं लिहा, कृपा करून."

ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग वही माझ्यापुढे सरकवली. पत्र होतं. तिच्या आईला. आई आजारी होती, घराबाहेर पडू शकत नव्हती, म्हणून लेक जिथे जाईल तिथलं सगळं, खुर्चीपासून, लिहून पाठवायची. शेवटची ओळ होती: 'माझ्या शेजारी एक आजोबा बसलेत, ते फार घाबरलेले आहेत. का, ते कळत नाही.'

चारची बोट गेली. ही ओटा पुसत होती. मी म्हणालो, "ती नव्हती."

"मग दुसरं कुणीतरी असेल," ती म्हणाली. "किंवा उद्या येईल." पण उद्या कुणी आलं नाही, परवाही नाही, आणि पंधरवडा संपला.

पुढचा महिना आमच्या घरात कसा गेला ते मी सांगत नाही. कुणी मला बोललं नाही, हेच वाईट. ही मला चहा द्यायची, औषध द्यायची, चमचा मात्र पुढे आला नाही. (चव पुढे दोन महिन्यांनी परत आली. नोकरी परत मिळाली नाही.)

मग कचेरीचं पाकीट आलं. हिनं ते माझ्या हातात दिलं. "तुम्हीच वाचा," म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली.

मी वाचलं. कचेरीची भाषा मला अजून पाठ आहे:

"'जेवण साधे, घरगुती व समाधानकारक. स्वयंपाकघरात एक वृद्ध मदतनीस काचेची नळी घेऊन रश्श्याची प्रकृती तपासताना आढळला. विचारणा केली असता, रश्श्यास ताप असल्याचे त्याने सांगितले. तथापि शंका येताच संपूर्ण पातेले टाकून देण्याचा व पाहुण्यांना खरे कारण सांगण्याचा बाईंचा निर्णय इतर घरांनी अनुकरण करावे असा आहे. तीन वर्षांची मान्यता देण्यात येत आहे. अट: सदर मदतनिसास स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.'"

"हॅटवाला," सूनबाई म्हणाली.

हिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, 'तीन वर्षांची' या शब्दांवर बोट ठेवून पुन्हा वाचलं, आणि स्वयंपाकघराच्या दारावर खिळ्यानं ठोकलं. अटीची ओळ बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर. मग म्हणाली, "जरा पाय मोकळे करून येते."

त्यानंतर मी ही गोष्ट आमच्याकडे जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो. स्वयंपाकघरात बंदी असल्यामुळे वेळ भरपूर होता. अर्थात सांगता सांगता गोष्टीला जरा आकार येत गेला. टोक त्याच दिवशी, त्याच क्षणी तुटलं; मी प्रशिक्षित डोळ्यांनी ते ताबडतोब ओळखलं; माझ्या सावधपणामुळे सहा जीव वाचले आणि घराला मान्यता मिळाली. अर्धं मिनिट मी वगळत असे. दहा-अकरा वर्षं सांगितल्यावर मला ते सगळं अगदी स्पष्ट आठवू लागलं.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाची जुनी प्रयोगशाळा पाडली. माझा एक विद्यार्थी तिथे आता प्राचार्य आहे. अडगळीत त्याला प्रयोगशाळेची जुनी मोडतोड-वही सापडली. काय फुटलं, कधी, कुणाकडून आणि कशानं, हे त्यात लिहावं लागायचं. 'सर, आपल्या तरुणपणाची आठवण' अशी चिठ्ठी लावून त्यानं ती बोटीनं पाठवली. मुलगा ती घेऊन आला तेव्हा टेबलाशी चार पाहुणे जेवत होते, आणि मी नुकताच सहा जीव वाचवून थांबलो होतो.

माझा चष्मा सापडेना. सूनबाईनं वही उघडली आणि जिथे चिठ्ठी खोचली होती ते पान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं: "'हायड्रोमीटर, एक. वरचे टोक तुटले. वापरण्यास हरकत नाही.'" ती थांबली. "पुढे वाचू का, बाबा?"

"वाच," ही म्हणाली. डाव हातात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात, त्या पत्राखाली उभी होती.

"'कारण: चहात साखर किती आहे हे मोजताना.'"

चष्मा कपाळावरच होता. मी तो खाली आणला, मग कप्तानांचं भिंगही मागवून घेतलं, आणि तारीख पाहिली. त्या सत्तावीस तारखेच्या आधी सेहेचाळीस वर्षं. खालची सही तीनदा तपासली. सही माझीच आहे.